मोटारींतील थंडावा कां आटतो?

नागपूरच्या मे महिन्यांतील दुपार म्हणजे काय, हें ज्यांनीं तेथें एखादा उन्हाळा काढला आहे त्यांस निराळें सांगावयास नको. पारा ४५ अंशांच्या आसपास, डांबरावरून उठणाऱ्या झळा, आणि अशा वेळीं धंतोलींतील एक गृहस्थ आपल्या ऐंशी वर्षांच्या मातोश्रींना घेऊन मोटारीनें अकोल्यास निघाले आहेत, असें श्रोत्यांनीं घटकाभर डोळ्यांपुढें आणावें. कोंढाळी मागें पडेपर्यंत गाडींत उत्तम गारवा होता. मातोश्रींनीं तर अंगावर पदर ओढून घेतला होता. पुढें रस्त्याचें काम चाललेलें, मालमोटारींची लांबच लांब रांग लागलेली. गाडी थांबली, आणि पांच-सात मिनिटांत झरोक्यांतून येणारी हवा कोमट झाली. कांचा उघडाव्यात तर बाहेरची लू आंत, न उघडाव्यात तर भट्टी. मातोश्रींचें बोलणें हळूहळू कमी झालें. वृद्धांस तहान लवकर जाणवत नाहीं व घामही पुरेसा येत नाहीं, त्यामुळें बोलणें मंदावणें हीच पुष्कळदां उष्माघाताची पहिली सूचना असते. ओला पंचा, पाणी आणि एका ढाब्याची सावली यांवर त्या दिवशींचें संकट निभावलें. परंतु त्या गृहस्थांस राहून राहून नवल वाटलें तें याचें कीं, दोन महिन्यांपूर्वींच त्यांनीं गॅस भरून घेतला होता. त्याच्या आदल्या वर्षींही घेतला होता.

मोटारींतील वातानुकूलन बिघडलें कीं ‘गॅस संपला’ म्हणावयाचें, ही आपल्याकडील सर्वसाधारण समजूत. ही समजूत किती वेळां फसवी ठरते हें कळण्यास यंत्राचें काम काय आहे तें पाहिलें पाहिजे. हें यंत्र थंडी निर्माण करीत नाहीं. गाडीच्या आंतील उष्णता उचलून बाहेर टाकणें एवढेंच त्याचें काम. विहिरीवर मोट चालते तसाच हा प्रकार. पाणी जितकें खोल तितके बैलांचे श्रम अधिक. बाहेर ३० अंश असतां उष्णता थोडीच वर चढवावी लागते. बाहेर ४५ अंश असतां ती फार उंच चढवावी लागते. त्यामुळें फेब्रुवारींत निर्दोष वाटणारें यंत्र मे महिन्यांत उघडें पडतें.

ही चढण चढविणारा बैल म्हणजे काँप्रेसर. इंजिनाच्या पट्ट्यावर तो फिरतो व गॅस दाबून तापवितो. तो तापलेला गॅस गाडीच्या तोंडाशीं, रेडिएटरच्या पुढें बसविलेल्या काँडेन्सर नांवाच्या जाळींत जातो. तेथें बाहेरची हवा लागून तो निवतो व द्रवरूप होतो. पुढें एका अरुंद छिद्रांतून सुटतांच त्याचा दाब एकाएकीं उतरतो आणि गाडीच्या आंतील दुसऱ्या जाळींत तो उकळूं लागतो. उकळण्यास लागणारी उष्णता तो भोंवतालच्या हवेंतून ओढून घेतो. माठाच्या अंगावर पाझरलेलें पाणी उडून जातांना आंतील पाणी गार होतें, तोच न्याय येथेंही आहे. फरक इतकाच कीं माठांतील पाणी उडून जातें. येथें तोच गॅस पुन्हां पुन्हां फिरतो. नळ्या कोठें गळत नसतील तर तो पेट्रोलसारखा खर्च होत नाहीं.

अमेरिकेंतील पॅकार्ड कंपनीनें १९३९ सालीं पहिली वातानुकूलित मोटार लोकांपुढें मांडली, तेव्हां यंत्राचा मोठा भाग सामानाच्या पेटींत बसविलेला होता आणि थंडावा नको असल्यास उतरून काँप्रेसरचा पट्टा काढून ठेवावा लागे. आज एका कळीनें तें काम होतें. पण कळ सोपी झाली म्हणून यंत्र सोपें झालें असें नाहीं, आणि मालकाचें त्याविषयींचें कुतूहल मात्र त्या कळीपाशींच थांबलें.

आतां निदानाकडे. वैद्य जसा ताप केव्हां चढतो हें आधीं विचारतो, तसें गारवा केव्हां कमी होतो हें मालकानें आधीं नीट पहावें. गाडी धांवत असतां गार आणि उभी राहिली कीं कोमट, अशी तक्रार असेल तर संशय प्रथम काँडेन्सरवर व त्याच्या पंख्यावर जावा. धांवत्या गाडीस वारा आपोआप लागतो; उभ्या गाडीस तो पंख्यानेंच मिळतो. पुष्कळ गाड्यांत या पंख्याच्या दोन गती असतात. मंद गतीची जोडणी जळते, जलद तेवढी शिल्लक राहते, आणि इंजिन फार तापल्याखेरीज पंखा फिरतच नाहीं. परीक्षा साधी आहे. इंजिन चालूं करून वातानुकूलन लावावें, बॉनेट उघडून पंख्याकडे दुरून पहावें. बहुतेक गाड्यांत तो लागलीच किंवा मिनिटभरांत फिरावयास हवा. हात मात्र जवळ नेऊं नये. तो केव्हां सुरू होईल याचा नेम नसतो.

पंखा ठीक असूनही हीच तक्रार राहिली तर जाळी पहावी. समोरून स्वच्छ दिसणारी जाळी पुष्कळदां खरी स्वच्छ नसते. काँडेन्सर व रेडिएटर यांमधील बोटभर फटींत धूळ, किडे, वाळला पाला यांचा थर जमतो. विदर्भाच्या रस्त्यांवर कापसाच्या गाड्यांमागून वर्षभर हिंडणाऱ्या मोटारींत तर सरकीचे तंतूही सांपडतात. ही जाळी साध्या नळाच्या पाण्यानें, इंजिन थंड असतां, हळू धारेनें धुवावी. सर्व्हिसिंगच्या जोरदार धारेनें अॅल्युमिनिअमचीं नाजुक पातीं वांकतात आणि धुण्याचा उलटाच परिणाम होतो.

याच्या उलट, आरंभीं उत्तम गारवा, तासाभरानें झरोक्यांतून वाराच कमी येऊं लागतो, गाडी थोडा वेळ बंद ठेवल्यास पुन्हां सर्व ठीक, असें होत असेल तर आंतल्या जाळीवर बर्फ धरत आहे असें समजावें. वारा पहिल्यापासूनच मंद असेल तर हवेचा गाळणीकागद बदलावा. बहुतेक गाड्यांत तो डाव्या बाजूच्या खणामागें असतो, फारशा किंमतीचा नसतो, आणि कित्येक मालकांस तो आहे हेंच ठाऊक नसतें. वारा भरपूर पण गरम, आणि काँप्रेसर व्यवस्थित चालूं, असें असल्यास गरम-थंड हवा मिसळणारी आंतील झडप अडकलेली असण्याचा संभव असतो. गाडीखालीं पाणी ठिबकणें हा दोष नव्हे. तें हवेंतील बाष्प आहे. मुंबईच्या दमट हवेंत तें धारेनें गळतें, नागपूरच्या कोरड्या मेमध्यें थेंबही दिसणार नाहीं, म्हणून थेंब नाहीं यावरूनच यंत्र बंद पडलें असा निष्कर्ष काढूं नये. तेंच पाणी गाडीच्या आंत, पायांखालीं, सांचूं लागलें तर मात्र त्याची निचऱ्याची नळी तुंबली आहे.

राहिला गॅस. सामान्य छोट्या मोटारींत तो अर्ध्या किलोच्या आसपास असतो, व नेमकें वजन बहुधा बॉनेटखालीं एका चिठ्ठीवर छापलेलें असतें. तो कमी पडला तर गारवा कमी होतो हें खरें. त्याबरोबर फिरणारें तेल काँप्रेसरकडे नीट परत येत नाहीं आणि काँप्रेसर जळतो हेंही खरें. पण तो जास्त झाला तरीही गारवा कमी होतो, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. निवण्याची जागा द्रवानेंच भरते, दाब बेसुमार चढतो आणि संरक्षक कळ काँप्रेसर बंद पाडते. आणि हा गॅस किती आहे तें यंत्र बंद असतांना दाबमापक लावून कळत नाहीं. घरच्या स्वयंपाकाच्या सिलिंडरांतील दाब तो जवळजवळ रिकामा होईतों सारखाच असतो, तसेंच हें. खरा मार्ग एकच: असलेला गॅस यंत्रानें काढून घेऊन तोलावा, नळ्यांतील हवा पूर्ण ओढून निर्वात करावें, निर्वात टिकतें कीं नाहीं हें पहावें, मग चिठ्ठीवरील वजनाइतकाच गॅस भरावा. वजन कमी भरलें तर गळती आहे. ती शोधल्यावांचून नवा गॅस ओतणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी भरणें. सांध्यांपाशीं तेलकट काळा डाग दिसला तर तेथेंच प्रथम पहावें.

हे गळणारे वायू निरुपद्रवी नाहींत. जुना आर-१२ हा वातावरणांतील ओझोनचा थर खातो म्हणून १९८७ च्या माँट्रिअल करारानंतर हद्दपार झाला. त्याच्या जागीं आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावीत नाहीं, पण पृथ्वी तापविण्यांत तो वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक प्रभावी आहे. युरोपांत २०१७ पासून नव्या मोटारींत तो वापरतां येत नाहीं. यापेक्षांही भयंकर म्हणजे स्वस्त पडतो म्हणून स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचें मिश्रण भरणें. तें गार उत्तम करतें यांत वाद नाहीं. पण तें पेट घेतें, आणि गाडीच्या आंतली जाळी गळली तर तो वायू प्रवाशांच्या नाकाशींच जमतो.

यंत्र निर्दोष असलें तरी त्यावर भलतें ओझें टाकूं नये. अमेरिकेंत २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोजणींत असें आढळलें कीं उन्हांत उभ्या असलेल्या बंद गाडीच्या आंतील तापमान तासाभरांत सरासरी २२ अंशांनीं चढतें, आणि त्यांतील बहुतेक चढ पहिल्या अर्ध्या तासांतच होतो; कांचा किंचित् उघड्या ठेवूनही विशेष फरक पडला नाहीं. म्हणून ‘आलोंच पांच मिनिटांत’ असें म्हणून मूल किंवा वृद्ध माणूस गाडींत बसवून जाणें हा केवळ निष्काळजीपणा नव्हे, तो जिवाशीं खेळ आहे. निघतांना चारी दारें उघडून कोंडलेली आंच बाहेर जाऊं द्यावी, पहिलीं एक-दोन मिनिटें कांचा खालीं ठेवाव्यात, आणि आंतील हवा बाहेरच्यापेक्षां गार झाली कीं तीच हवा फिरविणारी कळ दाबावी. बाहेरची ४५ अंशांची हवा सतत आंत घेऊन ती निवविण्याचा खटाटोप कोणत्याच यंत्रानें करूं नये.

धंतोलीच्या त्या गृहस्थांनीं अकोल्याहून परतल्यावर गाडी दुसऱ्या एका गॅरेजांत नेली. तेथील मिस्त्रीनें दाबमापकास हात लावण्यापूर्वीं बॉनेट उघडलें आणि वातानुकूलन लावावयास सांगितलें. पंखा हालला नाहीं. मग गॅस काढून तोलला. चिठ्ठीवर ४८० ग्रॅम छापलेले. यंत्रांतून निघाले ६५० ग्रॅमच्या वर. निर्वात अर्धा तास टिकलें, म्हणजे गळती कोठेंच नव्हती. थोडक्यांत, दोन वर्षें पंख्याचा दोष होता आणि दोन वर्षें औषध गॅसचें चाललें होतें. तेंही सकाळच्या गार वेळीं झरोक्यापाशीं हात धरून ‘झालें काम’ म्हणत दिलेलें. दर खेपेस रोग थोडा वाढतच गेला. पंख्याची जळलेली जोडणी बदलली, जाळी धुतली, गॅस तोलून भरला. नंतर मिस्त्रीनें गाडी मुद्दाम भर दुपारीं वीस मिनिटें एका जागीं उभी ठेवली, मधल्या झरोक्यांत साधा तापमापक खोंवला आणि गृहस्थांनाच तो वाचावयास सांगितलें. पारा १३ वर होता. बिलावर किती ग्रॅम गॅस काढला व किती भरला हें लिहून घेण्याची संवय त्यांनीं तेव्हांपासून लावून घेतली आहे.