मुक्या गिऱ्हाइकाची जाहिरात
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दरवर्षी कोणी तरी बाहेरच्या विदुषी येऊन बोलतात. यंदा कार्यकारिणीने माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या गृहिणीला उभे केले, याचे कारण एवढेच की शिवणवर्गात सध्या जो माल तयार होतो त्याची वही माझ्याकडे आहे. माल कसला, तर कुत्र्यांच्या गाद्या, थंडीचे कोट आणि गळ्याचे पट्टे. हे ऐकून आमच्या सासूबाई म्हणाल्या, "माणसाला अंथरूण पुरेना आणि कुत्र्याला गादी!" त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण या गाद्यांच्या शिलाईचे पैसे आपल्यापैकी काही जणींच्या घरात येऊ लागले आहेत, आणि ते मोबाईलच्या वाटेने येत आहेत, हेही खोटे नाही.

हा धंदा आपल्याकडे तसा नवा आहे. दिल्लीच्या राशी नारंग या बाईंना आपल्या सारा नावाच्या कुत्रीसाठी मनासारख्या वस्तू मिळेनात, म्हणून त्यांनी २००८ साली 'हेड्स अप फॉर टेल्स' हा व्यवसाय काढला. पुण्यात अनुष्का अय्यर यांनी २०१८ साली 'विगल्स' सुरू केली. दोघी बायकाच, हे मुद्दाम सांगते. त्याच २०१८ मध्ये धंद्यासाठीचे वेगळे व्हॉट्सॲप आपल्या देशात आले, आणि २०२० च्या जुलैत इन्स्टाग्रामवर ती लहान चलच्चित्रे, म्हणजे रील्स, सुरू झाली. तेव्हापासून दुकानाचा गाळा, पागडी, पाटी यांवाचूनही माल विकता येऊ लागला. मोबाईल मात्र हवा, आणि तो चालवणारी एखादी लेक किंवा सून घरात हवी.

आता या धंद्यातली मेख सांगते. साडी घेणारी बाई पदर अंगावर टाकून पाहते. चटणी घेणारी जिभेला लावून पाहते. कुत्र्याच्या मालात वापरणारा एक आणि पैसे देणारा दुसरा. गादी टोचली तर कुत्रे मुकाट्याने उठून फरशीवर जाऊन निजेल. ते काही मोबाईलवर अभिप्राय लिहिणार नाही. म्हणून या मालाची सगळी जाहिरात मालकाच्या मायेला उद्देशून असते. "तुमच्या लेकरासाठी", "तुमच्या बाळासाठी" असे लिहायचे आणि कुत्र्याला टोपी-चष्मा घालून त्याचे चित्र टाकायचे. त्यावर बदामांचा पाऊस पडतो. टोपीतल्या जिवाला उकडते आहे, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. आणि किंमत विचारली की उत्तर येते, "इनबॉक्स पहा". भाजीवालीने वांग्याचा भाव विचारल्यावर "घरी येऊन सांगते" म्हटले, तर आपण तिच्या पाटीपुढे उभ्या राहू का?

गेल्या महिन्याच्या सभेत एक सूचना आली. गाद्यांत आपण कडुनिंबाचा वाळलेला पाला घालतो, तेव्हा त्यावर "औषधी गादी, गोचीड जवळ येत नाही" असे लिहावे. आणि प्रत्येकीने घरातल्या चार मोबाईलवरून पाच-पाच तारे देऊन अभिप्राय लिहावेत. सूचना करणारीचा हेतू वाईट नव्हता. दिवाळीपूर्वी माल खपावा एवढेच तिच्या मनात होते. पण मी त्याला विरोध केला. का केला, ते आज सगळ्यांपुढे सांगते.

गोचीड म्हणजे नुसती खाज नव्हे. तिच्यातून कुत्र्याला गोचीडताप येतो. रक्त कमी होते, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर कुत्रे दगावते. २०२४ च्या जूनमध्ये खुद्द रतन टाटांनी इन्स्टाग्रामवर मुंबईकरांकडे मदत मागितली होती. त्यांच्या प्राण्यांच्या रुग्णालयात सात महिन्यांचे एक कुत्रे आणले होते; गोचीडतापाचा संशय, रक्त अगदी उतरलेले. त्याला दुसऱ्या कुत्र्याचे रक्त हवे होते. रक्त देणारे कुत्रे एक ते आठ वर्षांचे असावे, वजन पंचवीस किलोच्या आसपास किंवा जास्त असावे, लसी टोचलेल्या असाव्यात, असे त्यांनी स्पष्ट लिहिले होते. कुठे अलंकार नाही, की रडारड नाही. रक्त देणारे मिळाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात टाटा गेले. पण मोबाईलवर चार ओळी कशा लिहाव्यात हे मला कोणी विचारले, तर मी त्याच ओळींकडे बोट दाखवीन.

आता आपल्या गादीवरचे वाक्य वाचून एखाद्या मालकाने गोचिडीचे औषध बंद केले, तर? औषधाला पैसे पडतात आणि गादी तर घेतलीच आहे, असा विचार माणूस करतोच. माझ्या धाकट्या जावेने मोबाईलवरची जाहिरात पाहून असाच एक गोचीड घालवणारा पट्टा मागवला होता. पाकिटावर ना बनवणाऱ्याचे नाव, ना पत्ता, ना आत काय घातले आहे त्याचा उल्लेख. चार दिवसांत कुत्र्याच्या मानेला फोड आले. जाहिरातीतला फोन लागेना. जनावरांच्या डॉक्टरांनी तिला पहिला प्रश्न हाच विचारला, "पट्ट्यात काय होते?" ती काय सांगणार?

कायद्याचेही सांगते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे फसव्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. पैसे किंवा फुकट माल घेऊन कोणी मोबाईलवर शिफारस केली, तर "ही जाहिरात आहे" असे तिथेच साध्या भाषेत सांगावे, असे सरकारने २०२३ च्या जानेवारीत सांगून ठेवले आहे. खोट्या अभिप्रायांसाठी तर भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली वेगळे मानकच काढले. विकणाऱ्यानेच लिहवून घेतलेला अभिप्राय त्यात बसत नाही. फसवणूक झाली तर १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. तो क्रमांक गिऱ्हाइकालाही ठाऊक असतो, हे आपण विसरू नये.

मग लिहायचे काय? जे खरे आहे तेच लिहू, आणि ते थोडके नाही. गोचीड सदासर्वकाळ कुत्र्याच्या अंगावर राहत नाही. ती उतरून भिंतीच्या फटीत, अंथरुणाच्या शिवणीत दडते आणि अंडी घालते. आपल्या गादीची खोळ निघते, उकळत्या पाण्यात धुता येते, आणि शिवण आतून दुमडलेली असल्याने फट राहत नाही. हा गुण औषधी नाही. पण गोचिडीच्या औषधाच्या जोडीला त्याचा खरोखर उपयोग आहे. हे मी डॉक्टरांना विचारून घेतले आहे. कडुनिंबाचा पाला वासापुरता आहे, असे म्हणू.

दुसरे मापाचे. मोबाईलवर मिळणारे पट्टे लहान, मध्यम, मोठे अशा मापाचे, म्हणजे बहुतेक लॅब्रॅडॉरच्या मानेचे. आपल्याकडे निपाणी-चिकोडीवरून पुढे गेले की मुधोळ लागते. घोरपड्यांचे ते संस्थान, आणि तिथली शिकारी कुत्री नावाजलेली. २००५ साली त्यांचे पोस्टाचे तिकीट निघाले, २०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी रेडिओवर त्यांचे नाव घेतले. या कुत्र्याची मान लांब आणि डोके निमुळते. साधा पट्टा डोक्यावरून सरकून निघतो आणि कुत्रे रस्त्यावर सुटते. त्याला रुंद आणि ओढ लागली की जरासा आवळणारा पट्टा लागतो. सुभाषनगरातल्या चपला करणाऱ्या कारागिरांच्या हाती दिला, तर तो चामड्यात सुरेख होईल. आपले नमुन्याचे पट्टे तिथूनच करून घेतले आहेत. त्यावर "अस्सल कोल्हापुरी" असा शिक्का मात्र मारायचा नाही. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते चपलेला, कुत्र्याच्या पट्ट्याला नव्हे. "कोल्हापुरात केलेला" एवढे लिहिले तरी पुरे.

तेव्हा येत्या गुरुवारी दुपारी गाद्यांचे फोटो काढायचे आहेत. गादीशेजारी फूटपट्टी ठेवायची, किंमत टपालखर्चासह फोटोखालीच लिहायची, मंडळाचा पूर्ण पत्ता द्यायचा. ज्यांच्या घरी कुत्रे आहे त्यांनी मानेचे आणि छातीचे माप दोऱ्याने घेऊन आणावे. अभिप्राय मागायचा तो गादी महिनाभर वापरल्यावर, आणि एकच प्रश्न विचारून: कुत्रे तिच्यावर निजते का? नाही म्हणाले तरी ते उत्तर वहीत उतरवून ठेवीन.