निसर्गमंडळाबरोबर रानवाटेने



‘काखेत कळसा नि गावाला वळसा’ ही म्हण आपण घरोघरी ऐकतो. आज ती मला आठवली ती मुंबईच्या उपनगरांवरून. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही नावे घेतली की डोळ्यांपुढे काय उभे राहते? गच्च भरलेल्या लोकलगाड्या, उंच इमारती आणि घड्याळाच्या काट्यावर पळणारी माणसे. पण बोरिवली स्टेशनवर उतरून पूर्वेच्या बाजूला वीसेक मिनिटे चालत गेलं, की चक्क रान लागतं! साग, ऐन, कुंभा, पळस, काटेसावर अशी आपल्या ओळखीची झाडं तिथं उभी आहेत. वाट वळली की चितळांचा कळप दिसतो. हेच ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. पूर्वी याला बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान म्हणत.  याचा विस्तार सुमारे १०३ चौरस किलोमीटर आहे. पश्चिमेला बोरिवली आणि कांदिवली, दक्षिणेला गोरेगावची आरे वसाहत, पूर्वेला मुलुंड-भांडुप आणि उत्तरेला ठाण्याचे येऊर, असा त्याचा पसारा.

या रानाच्या कुशीत दोन तलाव आहेत. विहार १८६० साली पुरा झाला आणि तुळशी १८७९ साली. मुंबईला नळाने पाणी मिळू लागले ते प्रथम विहारचे. म्हणजे ज्या डोंगराकडे रोज गाडीच्या खिडकीतून आपण नुसते पाहतो, त्याच डोंगराने पूर्वजांची तहान भागवली. असे असून तिथल्या लाखो रहिवाशांपैकी किती जणांना त्या डोंगरावरची दहा झाडे नावानिशी सांगता येतील?

ही ओळख करून देण्याचे काम काही निसर्गमंडळे करीत असतात. सुटीच्या दिवशी पंधरा-वीस माणसे जमवायची, जाणत्या माणसाला पुढे करायचे आणि रानवाटेने, खाडीकाठाने हिंडून यायचे, असा हा साधा उपक्रम. त्याबद्दल आज चार गोष्टी सांगणार आहे. आपण म्हणाल, “अहो, आम्ही खेड्यातली माणसं. आम्हाला रानात हिंडायला मंडळ कशाला हवं?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शेवटी देतो.

ही परंपरा आजची नाही बरं का. १८८३ सालच्या सप्टेंबर महिन्यात मुंबईत आठ गृहस्थ एकत्र आले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही संस्था स्थापन केली. त्यांत सहा इंग्रज होते आणि दोन आपले डॉक्टर होते, आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. आपण पाहिलेले पक्षी, प्राणी, वनस्पती यांच्या नोंदी एकमेकांना दाखवाव्यात, त्यांवर बोलावे, एवढाच आरंभीचा हेतू. पुढे १९०८ साली याच संस्थेत एक लहान मुलगा हातात मेलेली चिमणी घेऊन आला. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता आणि ती कोणती हे त्याला जाणून घ्यायचे होते. संस्थेच्या चिटणिसांनी त्याला हाकलून दिले नाही. कपाटे उघडून पेंढा भरलेले पक्षी एकेक करून दाखवले. तो मुलगा म्हणजे पुढे जगाला माहीत झालेले पक्षितज्ज्ञ सलीम अली. शिक्षकमित्रहो, मुलाच्या एका प्रश्नाला नीट उत्तर मिळाले तर काय घडू शकते, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

आज या संस्थेचे एक शिक्षणकेंद्र गोरेगावला चित्रनगरीच्या शेजारी, रानाला लागून आहे. तिथे माहीतगारांबरोबर वाटा चालता येतात. शिवाय मुलुंडच्या चक्रम हायकर्ससारखी डोंगरभटक्यांची मंडळे आहेत. कुणी काही वर्गणी घेतात, कुणी विनामूल्य नेतात. कारकून, गृहिणी, विद्यार्थी, निवृत्त मास्तर असे सगळे एका रांगेत चालतात. तिथे हुद्दा विचारला जात नाही. पायात बूट धड आहेत का, एवढे मात्र विचारतात!

आता अशी एक सकाळ कशी जाते ते पाहू. ठरल्या वेळी मंडळी फाटकाशी जमतात. वनखात्याची परवानगी आधीच काढलेली असते. एक जाणता पुढे राहतो, दुसरा अगदी शेवटी. त्या दोघांच्या पुढे किंवा मागे कुणी जायचे नाही, हा पहिला नियम. मग चाल सुरू होते. पण तिला चाल म्हणावे की थांबणे, हाच प्रश्न! कारण दहा पावले गेली की म्होरक्या हात वर करतो. ‘टुक्‌ टुक्‌’ आवाज येतोय ना? तो तांबट. काटेसावर फुललीय, पाहा किती पाखरं मधासाठी लोटलीत. जो आवाज एकट्याला नुसता आवाज वाटला असता, त्याला नाव मिळते, आणि नाव मिळाले की ओळख होते. शिवाय एकाच्या डोळ्याला निसटलेले दुसऱ्याला दिसते. वीस माणसे म्हणजे चाळीस डोळे.

वाटेत करवीची झुडपे लागतात. कोकणातल्या नि घाटावरच्या श्रोत्यांना करवी सांगायला नको. तिच्या काठ्यांच्या कुडाला शेणमाती लिंपून किती घरं उभी राहिली! पण ही करवी फुलते कधी? बोरिवलीच्या रानात ती सगळीकडे एकदम फुलली ती २००८ साली, नंतर २०१६ साली आणि पुन्हा २०२४ साली. म्हणजे आठ वर्षांतून एकदा. फुलते, बी धरते आणि मरून जाते. दुसरीतल्या मुलाने एक फुलोरा पाहिला तर पुढचा पाहीपर्यंत तो दहावीत गेलेला असतो. एकट्या माणसाच्या स्मरणावर असा हिशेब कसा राहावा? पण मंडळाच्या वहीत तारीख टिपलेली असते. माणसे येतात-जातात, वही राहते. श्रोतेहो, सहल आणि निसर्गमंडळाची फेरी यांत फरक आहे तो या वहीचा.

पुढे कान्हेरीची लेणी लागतात. काळ्या कातळात कोरलेली शंभराहून अधिक लेणी, इसवी सनाच्या आधीच्या शतकापासून सुमारे दहाव्या शतकापर्यंतची. सर्वसाधारण प्रवासी मूर्ती पाहतो, फोटो काढतो नि परततो. मंडळाचा माणूस काय दाखवतो? लेण्यांच्या माथ्यावर कोरलेले पन्हळ आणि दाराशी खोदलेल्या पाण्याच्या पोढी. पावसाचा थेंब वाया न घालवता वर्षभराचे पाणी साठवणारे ते भिक्खू! उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावाने पाहावे असे ते दृश्य आहे.

रान झाले, आता पूर्वेला ठाण्याच्या खाडीकडे वळू. भांडुप-मुलुंडच्या कडेला तिवरांची झाडी आहे. थंडीच्या दिवसांत भल्या पहाटे पक्षिनिरीक्षकांची मंडळे तिथे दुर्बिणी घेऊन उभी असतात. गुलाबी पंखांचे रोहित पक्षी, ज्यांना फ्लेमिंगो म्हणतात, हजारोंनी येतात. काही हंगामांत त्यांची मोजदाद लाखावर गेली. या खाडीला २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून मान्यता मिळाली आणि २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, म्हणजे रामसर यादीत तिचे नाव लागले. कुणी एकाने ओरडून हे झाले नाही. वर्षानुवर्षे मोजणाऱ्यांनी आकडे पुढे ठेवले, त्यामुळे खाडीची किंमत सांगता आली.

आणि नोंद नसेल, ओळख नसेल, तर काय होते? २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवर एका विमानाची रोहित पक्ष्यांच्या थव्याला धडक बसली. वस्तीत तीसहून अधिक पक्षी मरून पडले. आपल्या डोक्यावरून रात्री असे पक्षी जातात, हे कित्येक रहिवाशांना त्या दिवशी प्रथम कळले. शेजाऱ्याची ओळख त्याच्या प्रेतावरून व्हावी, यासारखे दुःख नाही.

आता बिबट्याची गोष्ट. ही ऐकताना जुन्नर-आंबेगावकडचे श्रोते कान टवकारतील. २००४ च्या सुमाराला बोरिवलीच्या रानाभोवती बिबट्याच्या हल्ल्यांनी हाहाकार उडाला. माणसे गेली, लहान मुले गेली. “पिंजरे लावा, त्याला दूर सोडून या,” अशी ओरड झाली. पण अभ्यासकांना दिसले ते असे की, एका ठिकाणचा बिबट्या उचलून परमुलखात सोडला की पेच सुटत नाही, वाढतो. २०११ साली वनखात्याने अभ्यासक आणि नागरिक यांना बरोबर घेऊन एक मोहीम सुरू केली. वस्तीवस्तीतून, शाळाशाळांतून सांगणे सुरू झाले. कचरा साचला की कुत्री जमतात. कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. म्हणून आधी कचरा उचला. अंधार पडल्यावर मुलांना एकटे बाहेर सोडू नका, बाहेरच्या बाजूला दिवा ठेवा, आणि बिबट्या दिसला तर त्याच्याभोवती गर्दी करू नका. रानातल्या पाड्यांवर वाघोबाला पूजणारे आदिवासी बांधव हा शेजारधर्म पिढ्यान्‌पिढ्या पाळत आले आहेत. शहरवाल्यांना तो नव्याने शिकावा लागला. रानात पायी हिंडलेल्या माणसाला तो लवकर पटतो, कारण त्याने चिखलातला पंजाचा ठसा पाहिलेला असतो. भीती जात नाही. पण तिला अक्कल येते.

मंडळाबरोबर जाण्याचा आणखी एक लाभ म्हणजे सुरक्षितता. पावसाळ्यात धबधब्यात, तलावात माणसे बुडाल्याच्या बातम्या दरसाल येतात. पाण्याचा लोंढा वरून कधी येईल ते खालच्याला कळत नाही. ज्याला वाट, ओढा आणि हवा माहीत आहे असा माणूस बरोबर असला, तर तो वेळीच “पाण्यात उतरायचं नाही” म्हणतो, आणि त्याचे ऐकावे लागते.

जाणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. कपडे अंगभर नि मळखाऊ रंगाचे घाला. पाणी नि शिदोरी घरून न्या, आणि प्लॅस्टिकचा कपटासुद्धा परत आणा. गाणी, कर्णे घरी ठेवा. रानाला स्वतःचा आवाज आहे. फूल तोडू नका, दगड उलटला तर होता तसा ठेवा, कारण त्याखाली कुणाचे तरी घर असते. आरे वसाहतीतच विंचवाची एक नवी जात सापडली आणि २०१० साली तिला आरेच्याच नावावरून शास्त्रीय नाव मिळाले. एवढ्या गजबजलेल्या शहरात, बघा!

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर. खेड्याला मंडळ कशाला? गावच्या म्हाताऱ्याला अजून पन्नास झाडे ठाऊक आहेत: कोणत्या सालीचा काढा, कोणत्या लाकडाचा नांगर, कोणता पक्षी ओरडला की पाऊस. पण नातवाला त्यांतली किती ठाऊक आहेत? म्हातारा गेला की ते पुस्तक मिटले. शहराने जे हरवून मग पैसे खर्चून शोधायला घेतले, ते आपल्याकडे अजून अंगणात बसलेले आहे. ते लिहून घ्यायला उशीर करून चालणार नाही.

याला कायद्याचाही आधार आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत एक समिती असायची आणि तिने गावातल्या झाडाझुडपांची, पशुपक्ष्यांची, बियाणांची लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची. आपल्या गावची ती वही एकदा मागून पाहा. कोरी असली तर भरायला घ्या.

गुरुजी आणि बाई, हे काम तुमच्या शाळेइतके कुणाला साधणार नाही. राष्ट्रीय हरित सेनेच्या नावाने २००१ नंतर अनेक शाळांत पर्यावरण मंडळे निघाली. ती नुसत्या झाडे लावण्याच्या दिवसापुरती राहू नयेत. महिन्यातला एक शनिवार ठरवा. पालकांना कळवा, वीस मुले घ्या, पुढे गावातला एखादा गुराखी किंवा वैदू ठेवा, मागे तुम्ही राहा. दर वेळी तीच एक वाट चाला. ओढ्यापर्यंतची असली तरी पुरे. मुलांनी वहीत तारीख घालून लिहावे: आज पळस फुलला, आज ओढ्याचे पाणी आटले, आज चातक ऐकू आला. दुर्बीण नको, सरकारी मदत नको. दोन रुपयांची पेन्सिल पुरते. पाच वर्षांनी ती वही उघडा. ओढा पूर्वी कधी आटत होता नि आता कधी आटतो, हे तुम्हाला ग्रामसभेत तारखेनिशी सांगता येईल. तारीख सांगणाऱ्याचे म्हणणे सहसा डावलता येत नाही.

आणि मुंबईला कुणा नातेवाइकाकडे जाणे झाले, तर राणीची बाग, चौपाटी जरूर पाहा. पण एका रविवारी तिथल्या मंडळाबरोबर बोरिवलीच्या रानातही जाऊन या. तिथल्या मंडळींना तुमच्याकडून दोन झाडांची खरी नावे कळतील, तुम्हाला त्यांच्याकडून वही ठेवायची रीत कळेल. देवघेव बरोबरीची होईल.