एकवीस आणि वीस-एक : बालवयातील गणिताविषयी काही विचार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी नाट्य, संगीत अथवा साहित्य हे विषय सोडून आम्ही प्राथमिक शाळेतील गणित हा विषय निवडला, याचे आपणांस थोडे नवल वाटले असेल. परंतु परप्रांतात वाढणाऱ्या आपल्या मुलांजवळ मराठी किती उरली आहे, हे पाहावयाचे असेल, तर त्यांना पाठ केलेली कविता म्हणावयास सांगू नये. एकपासून शंभरपर्यंत मराठीत मोजावयास सांगावे. बहुतेक घरांत ही गाडी वीस-पंचविसाच्या आसपास थांबते.

गोरखपूरच्या बाजारात आजोबांबरोबर गेलेला नातू आपण सर्वांनी पाहिला आहे. भाजीवाली ‘पैंतालीस रुपये’ म्हणते. नातू आजोबांकडे वळून विचारतो, ‘म्हणजे फॉर्टी-फाइव्ह ना?’ आजोबा उत्तर देतात, ‘होय रे, पंचेचाळीस.’ एका संख्येची तीन नावे तीन तोंडांतून निघतात, आणि घरी परतताना आजोबांच्या मनात एकच खंत असते, की मुलाची भाषा गेली. ही खंत खरीच आहे. तथापि आम्हांला आज तिच्या जोडीला दुसरा एक प्रश्न उभा करावयाचा आहे. या तिन्ही नावांपैकी एखाद्या नावाच्या आत काय दडले आहे, हे त्या मुलाला ठाऊक आहे काय? आणि आपल्याला तरी ते सांगता येईल काय?

पहिली-दुसरीच्या मुलांना आकडे सांगून लिहावयास लावले, म्हणजे एक चूक हमखास आढळते. ‘पंचवीस’ म्हटले की काही मुले ५२ लिहितात. आपण रागावतो, परंतु मुलाचे फारसे चुकलेले नसते. त्याच्या कानी प्रथम पाच पडले, नंतर वीस पडले; त्याने ऐकल्या क्रमाने लिहिले. मराठीत व हिंदीत एकक आधी उच्चारला जातो आणि दशक मागून येतो, लिहिताना मात्र दशक डावीकडे प्रथम येतो. ही परंपरा संस्कृतातील ‘एकविंशति’पासून चालत आली आहे. इंग्रजीत ‘ट्वेंटी-वन’ म्हणताना किंवा कन्नडात ‘इप्पत्तोंदु’ म्हणताना दशक आधी येतो आणि बोलण्याचा क्रम लिहिण्याच्या क्रमाशी जुळतो.

आणखीही एक अडचण आहे. बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बहात्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव या साऱ्या नावांत दोन आहेत. पण ते कोठे ‘बा’, कोठे ‘बे’, कोठे ‘ब्या’ होऊन बसले आहेत. पन्नासाचे ‘वन्न’ आणि सत्तराचे ‘हत्तर’ झाले आहे. शतकानुशतके जिभेवर घासून गुळगुळीत झालेले हे शब्द आहेत. त्यांचे सांधे आता मुलाला दिसत नाहीत. म्हणून शंभरापर्यंतची नावे त्याला जवळजवळ सुटी सुटी पाठ करावी लागतात.

या अडचणीवर महाराष्ट्रात २०१९ साली मोठा वाद झाला. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या नव्या गणित पुस्तकात एकवीसच्या जोडीने ‘वीस एक’, बावीसच्या जोडीने ‘वीस दोन’ अशी मांडणी करण्यात आली. गणित समितीच्या अध्यक्षा होत्या गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर. मुलांना जोडाक्षरांचा व उलट्या क्रमाचा त्रास होतो, तो कमी व्हावा, एवढाच त्यांचा हेतू होता. पण वृत्तपत्रांत टीकेची झोड उठली, विधानसभेतही विषय गाजला, आणि मराठीचा ठेवा बुडविला जात असल्याचा आक्षेप घेण्यात आला. डॉ. नारळीकर २०२३ साली निवर्तल्या. त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न मात्र अद्याप आपल्यासमोर आहे.

आक्षेप घेणाऱ्यांची कळकळ आम्हांला समजते. दूरदेशी राहणाऱ्या माणसाला ती अधिकच समजते. तथापि त्या वादात एक गोष्ट निसटली, असे आमचे नम्र मत आहे. जुनी नावे पुसून टाकण्यात आली नव्हती. त्यांच्या शेजारी त्यांची फोड ठेवण्यात आली होती. संस्कृत शिकताना सामासिक शब्दाचा विग्रह केल्याने समास मोडीत निघत नाही, उलट त्याचा अर्थ उलगडतो. ‘वीस-एक’ हा ‘एकवीस’चा विग्रहच होय.

नॉर्वे या देशात आपल्याप्रमाणेच एकक आधी बोलण्याची रीत होती. दूरध्वनीवरून क्रमांक सांगताना घोटाळे होत, म्हणून १९५१ साली तेथील शासनाने दशक आधी म्हणण्याची पद्धत स्वीकारली. शाळांनी ती शिकविली, तरी जुनी रीत आजही कित्येकांच्या तोंडी आहे. भाषा एवढ्या तेवढ्याने मरत नाही. ती मरते वापर थांबल्याने.

मग आपण जबलपूरच्या मराठी कुटुंबांनी काय करावे? आपली मुले हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. बालभारतीचे पुस्तक त्यांच्या दप्तरात येत नाही. म्हणजे ‘एकवीस’ सांगणारे आणि त्याची फोड करून दाखविणारे घराखेरीज दुसरे ठिकाण नाही. पण आम्हांला यात निराशेपेक्षा संधीच अधिक दिसते. ज्या मुलाजवळ एका संख्येची तीन नावे आहेत, त्याला नाव आणि संख्या या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे एकभाषी मुलाच्या आधी उमगू शकते. त्याला विचारून पाहावे : ‘फॉर्टी-फाइव्हमध्ये आधी कोण बोलले? पंचेचाळीसमध्ये आधी कोण बोलले? आणि लिहिताना आधी कोण येतो?’ एवढ्या तीन प्रश्नांत दशमान पद्धतीचे अर्धे मर्म आहे.

‘एकोणतीस’ हा शब्दही असाच उलगडून दाखवावा. एकाने ऊन, म्हणजे एकाने कमी, असे तीस. मुलाच्या लक्षात येईल, की हे नुसते नाव नसून वजाबाकी आहे. मग त्यानेच शोधावे, की एकोणनव्वदपर्यंत ही रीत चालते आणि नव्व्याण्णवला ती का मोडते. हिंदीत ‘उनतीस’, ‘उनतालीस’ तसेच आहेत, पण ‘नवासी’ला रीत बदलते. असा शोध लागलेला शब्द मूल विसरत नाही. मराठीही टिकते, गणितही कळते.

अर्थ न कळता रीत पाठ केली, म्हणजे काय होते, याचे उदाहरण घेऊ. बावन्नातून सत्तावीस वजा करावयास दिले असता पुष्कळ मुले उत्तर ३५ काढतात. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. मुलाला बावन्न ही संख्या दिसतच नाही. त्याला ५ आणि २ अशी दोन चिन्हे दिसतात. त्याच्या हाती दहा-दहा रुपयांच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी ठेवावीत आणि सत्तावीस रुपये द्यावयास सांगावे. सात सुटे रुपये देण्यासाठी त्याला एक नोट मोडावी लागेल. आता चार नोटा व बारा नाणी झाली. बारांतून सात गेली, पाच उरली. चार नोटांतून दोन गेल्या, दोन उरल्या. पंचवीस. ज्याला आपण हातचा घेणे म्हणतो, तो खरोखरच हातातला व्यवहार आहे, हे त्याला त्या क्षणी कळते. त्यानंतर पाटीवरची रीत शिकविली, तर ती त्याची स्वतःची होते.

वस्तू हाताळून शिकण्याचा हा विचार आपल्या प्रदेशाला परका नाही. आपल्याच नर्मदेच्या काठी, होशंगाबाद जिल्ह्यात, १९७२ साली माध्यमिक शाळांतील मुलांना प्रयोगांतून विज्ञान शिकविण्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि तो २००२ पर्यंत चालला. खेड्यांतील साध्या शाळांनी हे करून दाखविले. आपल्या बैठकीच्या खोलीत ते अशक्य नाही.

येथे ज्येष्ठ मंडळी म्हणतील, की आम्ही पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी घोकली आणि आमचा हिशेब पक्का झाला. ते खरे आहे. पाठांतराला आमचा विरोध नाही. परंतु त्या काळी ‘पाव’ हा शब्द पाठांतरातच नव्हता, तो दुकानातल्या मापात होता. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पुढे वजनेमापेही बदलली, आणि त्या पाढ्यांचा आधार सुटला. तरी शब्द अजून जिवंत आहेत. जबलपूरच्या बाजारात आजही ‘पाव भर’ मिरची मिळते. म्हणून मुलाला विचारावे, ‘दीड किलोत पाव किलोची किती मापे बसतील?’ ते सहा म्हणेल. दीड भागिले पाव म्हणजे सहा, हा अपूर्णांकांचा भागाकार त्याने केलाही. शाळेत पुढे ‘उलटा करून गुणा’ अशी आज्ञा मिळेल, तेव्हा ती का पाळावयाची, हे त्याला अंधुक का होईना, समजलेले असेल. पाव, पाऊण, सवा, दीड, अडीच, साडेतीन अशी शब्दांची श्रीमंती इंग्रजीजवळ नाही. ती आपण मुलांना न देता ठेवून द्यावी, हे योग्य नव्हे.

आपले वाडवडील तोफगाडी कारखान्याच्या, रेल्वेच्या वा कचेऱ्यांच्या नोकरीनिमित्त या शहरी आले. सोबत आणलेल्या पुष्कळशा वस्तू काळाच्या ओघात गेल्या. आकड्यांची ही नावे मात्र घरात राहिली आहेत. ती नुसती जपण्याने टिकणार नाहीत आणि नुसती घोकण्याने समजणार नाहीत. बाजारात, स्वयंपाकघरात, दिवाळीच्या पणत्या मांडताना ती मुलांसमोर बोलावीत, त्यांची फोड करावी, आणि मूल चुकले तर उत्तर सांगण्याआधी ‘तू हे कसे काढलेस?’ असे शांतपणे विचारावे. त्याच्या चुकीत बहुधा काहीतरी विचार असतो. तो ऐकून घेण्याइतका वेळ आपल्याजवळ असावा, एवढीच या प्रसंगी आमची विनंती.