विरणारे पारपटल आणि वेळीच केलेला उपचार



कापड एकाएकी फाटत नाही. आधी ते विरते. सुताची वीण सैल होते, धागे सरकू लागतात आणि मग साध्या ताणानेही कापड आपला आकार सोडते. नेत्राच्या अग्रभागी असणाऱ्या पारदर्शक पडद्याची, म्हणजेच पारपटलाची अथवा कॉर्नियाची, काही तरुणांमध्ये अशीच अवस्था होते. या विकारास केरॅटोकोनस असे म्हणतात.

निरोगी पारपटल मध्यभागी सुमारे अर्धा मिलिमीटर जाड असते. त्याचे बळ कोलाजेन या प्रथिनाच्या तंतूंमध्ये आणि त्यांना परस्परांशी जखडणाऱ्या बंधांमध्ये असते. हे बळ उणावले की पारपटल पातळ होत जाते आणि शंकूप्रमाणे पुढे येते. मग अक्षरे पसरट वा दुहेरी दिसतात, रात्री दिव्यांभोवती प्रकाश फाकतो.

हा विकार बहुधा किशोरवयात सुरू होतो आणि लहान वयात अधिक वेगाने वाढतो. मुलाच्या चष्म्याचा नंबर, विशेषतः सिलिंड्रिकल नंबर, वारंवार बदलतो. नवा चष्मा लावूनही फळ्यावरचे स्पष्ट दिसत नाही. आई-वडील कधी मोबाइलला, कधी अभ्यासातील आळसाला दोष देतात. मूल मात्र डोळे चोळत राहते. डोळे चोळण्याची सवय या विकारास हातभार लावते. म्हणून डोळ्यांना खाज येत असेल तर तिच्यावर उपचार करून घेणे हे पहिले पथ्य होय. कॉर्नियल टोपोग्राफी या वेदनारहित तपासणीत पारपटलाच्या चढउतारांचा नकाशाच मिळतो आणि विकार आरंभीच ओळखता येतो.

पूर्वी या विकाराची वाढ रोखण्याचा उपाय नव्हता. चष्मा, कडक कॉन्टॅक्ट लेन्स आणि अखेरीस नेत्रदानातून मिळालेल्या पारपटलाचे रोपण, एवढेच मार्ग होते. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील संशोधक वोलेन्झाक, श्पॉर्ल आणि झायलर यांनी २००३ मध्ये २२ रुग्णांच्या २३ डोळ्यांवरील क्रॉस-लिंकिंगचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या सर्व डोळ्यांमध्ये विकाराची वाढ थांबली होती. २०१६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही या उपचारास मान्यता दिली.

मूळ पद्धत अशी : डोळा थेंबांनी बधिर करून पारपटलावरील अगदी वरचा नाजूक थर दूर करतात. रायबोफ्लेविन, अर्थात ब-२ जीवनसत्त्व, याचे पिवळे थेंब सुमारे अर्धा तास घालतात. त्यानंतर अर्धा तास मोजक्या तीव्रतेचा अतिनील प्रकाश सोडतात. प्रकाश आणि रायबोफ्लेविन यांच्या संयोगाने तंतूंमध्ये नवे बंध निर्माण होतात. रायबोफ्लेविन प्रकाश शोषून डोळ्याच्या आतील भागाचे रक्षणही करते. तथापि त्यासाठी पारपटलास पुरेशी जाडी लागते. मूळ पद्धतीत ही मर्यादा ४०० मायक्रॉन, म्हणजे ०.४ मिलिमीटर, मानली जाते. पारपटल त्याहून पातळ झाल्यास उपचार अवघड होतो. विलंबाचे मोल येथेच मोजावे लागते.

उपचारानंतर काही दिवस डोळा दुखतो, पाणी येते, प्रकाश सहन होत नाही. काही आठवडे धूसरही दिसते. जंतुसंसर्ग किंवा व्रण राहण्याचा थोडा धोका असतो, म्हणून सांगितलेले थेंब आणि फेरतपासण्या चुकवू नयेत.

एक गोष्ट मात्र स्पष्टपणे समजून घेतली पाहिजे. क्रॉस-लिंकिंग म्हणजे चष्म्याचा नंबर घालविण्याची शस्त्रक्रिया नव्हे. काहींची दृष्टी थोडी सुधारते. परंतु पुष्कळांना पुढेही चष्मा वा लेन्स लागतेच. अशा वेळी आई-वडिलांना वाटते, "खर्च झाला, वेदना झाल्या, पण उपयोग काय?" उपयोग हाच की, जेवढी दृष्टी शिल्लक आहे तेवढी बहुधा टिकते आणि रोपणाची वेळ टळू शकते. विरलेले कापड नवे होत नसते. परंतु वेळीच रफू केले तर त्याचे फाटणे थांबते.

म्हणूनच ज्या घरातील मुलाचा नंबर वरचेवर बदलत असेल, त्या घराने आणखी एक चष्मा घेण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञांकडून पारपटलाची तपासणी करून घ्यावी. मुलास आळशी ठरविण्याआधी त्याचे डोळे तपासले जावेत, एवढीच विनम्र अपेक्षा.