जुनं कार्ड परवडतं कुणाला?



आयोजकांनी मला 'संगणक आणि रोजगार' असा भलामोठा विषय दिला होता. पण नावनोंदणी करताना तुम्ही जे प्रश्न लिहून दिलेत, त्यांतले निम्मे एकाच वस्तूबद्दल आहेत: ग्राफिक्स कार्ड. म्हणून विषय मीच लहान करून घेतला. मी लग्नांच्या आणि संस्थांच्या कार्यक्रमांच्या फिल्म एडिट करते, मशीन स्वतः जुळवते आणि ओळखीतल्या मुलामुलींबरोबर लॅमिंग्टन रोडला खरेदीला जाते. तेवढ्याच अधिकाराने बोलते आहे.

एक प्रश्न मालेगावच्या मुलीचा आहे. ती लिहिते, "वीस हजार साठवलेत. नवं कार्ड २८ हजारांना आहे, जुनं १८ला मिळतंय. भाव उतरेपर्यंत थांबू का?"

आधी थांबण्याचं बघू. सप्टेंबर २०२०मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ३०७० जाहीर केलं, किंमत ४९९ डॉलर. आधीच्या पिढीतल्या सर्वांत महागड्या गेमिंग कार्डाच्या, म्हणजे २०८० टीआयच्या तोडीचं काम निम्म्याहून कमी पैशांत. परदेशात अनेकांनी घाबरून आपली २०८० टीआय मिळेल त्या भावाला काढून टाकली. मग काय झालं? नवी कार्डं दुकानात आलीच नाहीत म्हणावं इतकी कमी आली. कोविडमुळे मागणी वाढलेली, चिपचा तुटवडा, त्यात इथेरियम नावाचं चलन कमावण्यासाठी लोक डझनांनी कार्डं लावत होते. २०२१मध्ये बरीच कार्डं जाहीर किमतीच्या दुप्पट भावाने विकली गेली, आणि घाईने विकलेली ती जुनी कार्डंही महागली. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमने पद्धत बदलली, कार्डांवरची ती कमाई एका दिवसात बंद पडली आणि तीच कार्डं ढिगाने बाजारात आली. तोवर भाव उतरायला लागलेच होते. २०२५च्या अखेरीस पुन्हा मेमरी चिप महागल्या, कारण एआयची डेटा सेंटरं त्या उचलू लागली. यातलं काहीही मालेगावात बसून ओळखता आलं नसतं. तैवानमध्ये बसूनही नाही.

म्हणून भावाकडे बघून थांबू नका, कामाकडे बघा. काम हातात असेल आणि मशीनमुळे ते अडत असेल, तर घ्या. काम नसेल तर अर्ध्या किमतीतही घेऊ नका.

पण काम अडतंय ते कार्डामुळेच का? हे मी तिला फोन करून विचारलं. ती लग्नाचं शूटिंग एडिट करते. कॅमेरा दहा-बिट ४:२:२ प्रकारचं एच.२६५ रेकॉर्डिंग करतो आणि टाइमलाइन अडखळते. आता गंमत बघा. हा प्रकार आरटीएक्स ३०६० किंवा ४०६० या कार्डांना हार्डवेअरवर उलगडता येत नाही. एनव्हिडियाने ती सोय ५० मालिकेत आणली. उलट इंटेलच्या बाराव्या पिढीच्या साध्या प्रोसेसरमधल्या अंगच्या ग्राफिक्सला ते जमतं. म्हणजे १८ हजारांचं ते जुनं कार्ड घेऊनही तिची टाइमलाइन तशीच अडखळली असती. तिचा प्रोसेसर जुना आहे. तिला कार्ड नको, बोर्ड आणि प्रोसेसर हवा. आणि तो येईपर्यंत प्रॉक्सी, म्हणजे हलक्या फायली बनवून त्यांवर एडिट करणं, फुकट आहे. ब्लेंडरमध्ये थ्रीडी करणाऱ्यांचं मात्र तसं नाही. तिथे कार्ड लागतंच, आणि त्यावरची मेमरी किती आहे ते आधी बघायचं.

आता जुनं की नवं. विकणारा म्हणतो, "आलं तेव्हा ४५ हजारांचं होतं." त्या आकड्याशी आपल्याला काही देणंघेणं नाही. आज तेवढंच काम करणारं नवं कार्ड कितीला मिळतं, एवढंच विचारा. ते २८ला असेल आणि जुनं १८ला, तर मधले दहा हजार म्हणजे जोखीम घेतल्याबद्दल तुम्हाला मिळालेली सूट. वॉरंटी तुमची गेली. ऐन सीझनमध्ये कार्ड बंद पडलं तर १८ हजार गेले, घेतलेलं काम गेलं, आणि गिऱ्हाइकाला तोंड दाखवायची सोय राहिली नाही. ज्याच्याकडे दुसरं मशीन आहे, त्याला हे झेपतं. ज्याने एकदाच पैसे साठवलेत, त्याला नाही. आपल्याकडे मात्र उलटं चालतं. पैसेवाला नवं घेतो, आणि ज्याला एक फटकाही सोसणार नाही, तो जुनं घेतो. अशा वेळी मी खालच्या दर्जाचं पण नवं, वॉरंटीचं कार्ड घ्यायला सांगते. बिनवॉरंटीचं जुनं घ्यायचंच असेल तर तेवढ्याच कामाच्या नव्याच्या निम्म्या किमतीच्या आसपास. वर्ष-दीड वर्षाची वॉरंटी आणि मूळ बिल हातात मिळत असेल तर थोडं जास्त. मात्र वॉरंटी दुसऱ्या मालकाला चालते का, हे सीरियल नंबर देऊन कंपनीला आधी विचारा.

"मायनिंगमध्ये वापरलेलं घेऊ का?" असंही तिघांनी विचारलंय. मायनिंगचं म्हणजे मेलेलंच, असं नाही. सतत एकाच तापमानावर चालल्याने चिपचं फार बिघडत नाही. झिजतात पंखे, वाळतात थर्मल पॅड. मला कोकणातल्या आणि मुंबईच्या किनाऱ्यावरच्या कार्डांची जास्त भीती वाटते. खाऱ्या हवेने स्क्रू आणि पत्र्याची पट्टी गंजलेली दिसली की मी कार्ड खाली ठेवते.

चालू मशीनवर दाखवत नसेल त्याच्याकडून घेऊच नका. फरमार्क वीस मिनिटं चालवा, तापमान बघा, पडद्यावर ठिपके-रेघा येतात का बघा. जीपीयू-झेड उघडून कोअरची संख्या कंपनीच्या आकड्याशी जुळवा. आरएक्स ५८०चे २३०४ कोअर असतात, पण '२०४८एसपी' नावाचा एक प्रकार त्याच नावाने फिरतो आणि तो प्रत्यक्षात ५७०च्या लायकीचा. जीटीएक्स १०६०, १०८० ही कार्डं स्वस्त दिसतील. त्यांच्या पिढीचे नेहमीचे ड्रायव्हर एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५मध्ये थांबवले, आता फक्त सुरक्षेपुरते येतात. आणि पॉवर सप्लाय बघा. ३०६०ला १७० वॅट लागतात, ४०६०ला ११५. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या सप्लायवर हे चढवू नका.

व्याज नको म्हणून 'नो कॉस्ट ईएमआय' घेणारे इथे बरेच असतील. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३मध्येच बँकांना सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. व्याज असतंच, ते सवलत म्हणून वजा दाखवतात. वर प्रोसेसिंग फी आणि क्रेडिट कार्डावर त्या व्याजावरचा जीएसटी तुमच्याकडून जातो. रोखीचा भाव विचारून फरक काढा.

एक शेवटची चिठ्ठी: "भावाने गेमसाठी कार्ड घेतलंय, मला ॲनिमेशन शिकायचंय, तो हात लावू देत नाही." बाई, कार्ड कुणाच्या पैशाचं आहे ते घरात विचार. अब्बांचं असेल तर रात्रीची वेळ मागून घे. रेंडर रात्रीच लावायचं असतं.

बाहेरच्या टेबलावर दोन आरएक्स ५८० ठेवली आहेत. त्यांतलं एक २०४८एसपी आहे. मशीन चालू आहे, ओळखा कोणतं ते.