मुनिया आणि सुसू



अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात मारू नयेत अशा प्राण्यांची यादी आहे. तीत पोपट व मैना यांच्याबरोबर ‘गंगापुपुटक’ असेही नाव येते. हा गंगेतला डॉल्फिन, म्हणजे सुसू, असे विद्वान मानतात. गाणारे पाखरू आणि जलचर एकाच यादीत! आम्ही मात्र आज मैनेऐवजी हिरवी मुनिया घेतो. कारण संकट तिच्यावर आहे.

मुनिया चिमणीहून लहान. लाल चोच, पोपटी पाठ, कुशीवर काळेपांढरे पट्टे. भारताबाहेर तिला घर नाही. अबूच्या आसपास ती अजून दिसते. तिचा अपराध एवढाच, की ती देखणी आहे. थव्याने वावरते, म्हणून एका जाळ्यात अनेक सापडतात. १९९१ पासून देशी पाखरांच्या व्यापारास बंदी आहे. तरी चोरटी विक्री चालतेच. (घरी पोपट पाळणारे कोणी सभेत असतील तर त्यांनी रागावू नये, कायदा त्यांनाही लागू आहे.)

सुसूला कोणी पिंजऱ्यात ठेवू म्हणत नाही. लांब तोंड, भिंगाविना नाममात्र डोळे. गढूळ पाण्यात तो आपल्याच आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढतो. श्वासासाठी वर येताना जो आवाज होतो, त्यावरून त्याचे नाव पडले. पूर्वी तेलासाठी त्याची शिकार होई. हल्ली पुष्कळदा तो माशांसाठी लावलेल्या जाळ्यात अडकतो, वर येता येत नाही, आणि जन्मभर पाण्यात राहिलेला हा प्राणी गुदमरून मरतो. मादीला दोन-तीन वर्षांत एकच पिल्लू. १९७२ च्या कायद्याचे संरक्षण आहे, २००९ साली राष्ट्रीय जलचराचा मान मिळाला. २०२५ साली प्रसिद्ध झालेली गणती ६,३२४ भरली.

म्हणजे एकीला आमची हौस मारते, दुसऱ्याला मारण्याची हल्ली फारशी कोणाची इच्छाही नसते. आम्हांस दुसरे प्रकरण अधिक अवघड वाटते. मुनियेचा गिऱ्हाईक सुटला, की जाळे गुंडाळले जाईल. सुसूच्या बाबतीत हात कोणाचा धरावा? कोळ्याला पोट आहे, शेताला पाणी हवे. १९७५ साली फराक्क्याचा बंधारा सुरू झाला, तसे आणखीही झाले, आणि नदीचे तुकडे पडले. उन्हाळ्यात पाणी उतरले की सुसू उरलेल्या डोहांत गोळा होतात. मासेही तेथेच असतात, म्हणून जाळीही तेथेच पडतात.