जंत एका लेकराला, औषध अख्ख्या घराला

(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत दिलेल्या आरोग्यविषयक भाषणाचा मजकूर)



बचतीचा आणि हप्त्यांचा हिशेब झाला. आता थोडा वेळ लेकरांच्या झोपेचा हिशेब करू.

रात्री पोर मधेच उठतं, रडतं, ढुंगण खाजवतं, नुसतं कूस बदलत राहतं. दिवसा चिडचिड करतं, अंगणवाडीत पेंगतं. घरात कुणी म्हणतं दृष्ट लागली, कुणी म्हणतं गोड फार खातंय, कुणी म्हणतं आईचं लक्ष नाही. शेवटी लेकराला धपाटा आणि आईला बोलणी. पुष्कळदा कारण असतं ते बारीक, सुतासारखे जंत. हे जंत गोड खाल्ल्याने होत नाहीत. अगदी स्वच्छ घरात, शहरातल्या बंगल्यातही होतात. तेव्हा लाज बाळगू नका आणि लेकराला मारू नका.

ओळखायचं कसं?

मुख्य खूण म्हणजे शीच्या जागी रात्री येणारी खाज. मादी जंत लेकरू झोपल्यावर बाहेर येते आणि तिथल्या कातडीवर हजारो अंडी घालते. म्हणून खाज रात्री वाढते. लहान मुलींमध्ये हे जंत पुढच्या जागेकडेही सरकतात. तिथे खाज येते, लघवीला जळजळतं, कधी झोपेत लघवी होते. अशा मुलीला रागावण्याआधी जंत आहेत का ते बघा.

बघायचं असं: लेकरू झोपल्यावर दोन-तीन तासांनी बॅटरी घ्या, हलक्या हाताने कुल्ले बाजूला करा. पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यासारखे, जेमतेम एक सेंटिमीटर लांबीचे, वळवळणारे जंत दिसतील. ताज्या शीवरही कधी दिसतात. एका रात्री दिसले नाहीत तर लागोपाठ दोन-तीन रात्री बघा. नुसतं दात खाणं किंवा तोंडावर पांढरे डाग येणं ही काही जंतांची पक्की खूण नाही.

पुन्हा पुन्हा का होतात?

'गोळी दिली तरी महिन्याभरात परत झाले,' हे आपण नेहमी ऐकतो. त्यामागचं चक्र समजून घ्या. लेकरू खाजवतं, अंडी नखांत जातात, तेच बोट तोंडात जातं. पोटात नवे जंत वाढतात आणि महिन्या-दीड महिन्यात परत अंडी घालायला लागतात. शिवाय अंडी चड्डीला, गोधडीला, खेळण्यांना चिकटतात आणि दोन-तीन आठवडे जिवंत राहू शकतात. त्याच गोधडीत भावंडं झोपतात, आजी झोपते. खाज नसली तरी त्यांच्या पोटात जंत असू शकतात. एकट्या लेकराला गोळी दिली की त्याचे जंत मरतात आणि घरातल्या दुसऱ्याकडून परत येतात.

दुसरी गोष्ट म्हणजे गोळीने जंत मरतात, अंडी मरत नाहीत. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरी गोळी लागते. आपण चुकतो ते इथेच.

राष्ट्रीय जंतनाशक दिन 2015 पासून सुरू आहे. त्या दिवशी अंगणवाडीत आणि शाळेत 1 ते 19 वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी फुकट मिळते. ती जरूर द्या. मातीतून येणाऱ्या मोठ्या जंतांसाठी ती फार मोलाची आहे. पण सुतासारखे जंत झाले असतील तर पुढच्या जंतनाशक दिनाची वाट बघू नका. आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि तीन गोष्टी स्पष्ट विचारा: घरातल्या कुणाला किती गोळी, सगळ्यांनी एकाच दिवशी कधी घ्यायची, आणि दुसरी गोळी कोणत्या तारखेला. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि दोन वर्षांखालचं बाळ यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी देऊ नका.

तोवर लेकराला आराम कसा द्यायचा?

सकाळी उठल्याबरोबर ती जागा कोमट पाण्याने धुवा. अंडी रात्री घातलेली असतात, म्हणून सकाळचं धुणं सगळ्यात महत्त्वाचं. पाणी लोट्याने ओता, घमेल्यात बसवू नका. नीट कोरडं करा आणि कातडी लाल झाली असेल तर थोडं खोबरेल लावा. रात्री अंगाला बसणारी चड्डी घाला, म्हणजे बोटं थेट तिथे जात नाहीत. ती चड्डी रोज बदला.

नखं बारीक कापा, लेकराची आणि आपलीसुद्धा. शीनंतर आणि जेवणाआधी हात साबणाने धुवा. भाकरी थापणाऱ्या हातांनी तर नक्कीच. पांघरुणं घरात झटकू नका, अंडी उडतात. ती गुंडाळून न्या, गरम पाण्याने धुवा, कडक उन्हात वाळवा. हे दोन आठवडे नेमाने करा.

वावडिंगाचं पाणी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या देतात. सासूबाईंचा मान राखा, पण त्यावर विसंबून गोळी टाळू नका. आणि त्या जागी रॉकेल, तंबाखू, फिनेल असलं काहीही लावू नका. कातडी भाजते, जिवावरही बेतू शकतं.

खाजवून जखम झाली, पू आला, शीतून रक्त पडलं, पोट फार दुखलं, वजन घटलं, लेकरू पांढरंफटक दिसलं किंवा मोठा जंत पडला, तर घरी थांबू नका. डॉक्टरांना दाखवा.

आपल्या गटाचं काम

हे जंत घराघरांतून आणि अंगणवाडीतून फिरतात. एका घराने लपवलं की शेजारच्या घरातही जातात. म्हणून पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने एवढंच करावं: लेकरांच्या खाजेबद्दल मोकळेपणी विचारावं, आणि ज्या घरात पहिली गोळी झाली त्या घराला दुसऱ्या गोळीच्या तारखेची आठवण करून द्यावी. हप्त्याची तारीख आपण कधी चुकू देत नाही. ही तारीखही चुकवायची नाही.